ठोका नेमका कुठे चुकतो?

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा आकुंचन पावते, म्हणजे दिवसाकाठी ठोक्यांची संख्या एक लाखाच्या घरात जाते, आणि एवढ्या ठोक्यांत एखादा वेळेआधी पडणे किंवा चुकल्यासारखा वाटणे ही धडधाकट माणसातही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. याउलट, ज्याची रुग्णाला जाणीवही होत नाही असा एखादा बिघाड रक्ताची गुठळी मेंदूपर्यंत पोहोचवून शरीराची एक बाजू लुळी पाडू शकतो. हृदयाचा ताल बिघडण्याच्या विकारांना वैद्यकात ‘अऱ्हिदमिया’ म्हणतात आणि त्यांचा विचार करताना ही विसंगती सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण रुग्णाला होणारा त्रास आणि त्याला असलेला धोका यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत वैद्यकाने ताल कुठे बिघडतो हे शोधून काढले. त्यातला कोणता बिघाड दुरुस्त करावा आणि कोणता तसाच राहू द्यावा, हे समजायला मात्र त्याहून अधिक वेळ लागला.

विजेची वाट

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात ‘सायनस नोड’ नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो, जो मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता आपोआप विद्युत स्पंद निर्माण करतो. चेतासंस्था फक्त त्याचा वेग कमीजास्त करते. हा स्पंद दोन्ही कर्णिकांत पसरून त्यांना आकुंचित करतो आणि मग कर्णिका व जवनिका यांच्या सीमेवरील ‘एव्ही नोड’पाशी क्षणभर, म्हणजे सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका, थबकतो. या विलंबामुळेच कर्णिकांतील रक्त जवनिकांत उतरायला अवधी मिळतो. पुढे ‘हिस’चा जुडगा आणि त्याच्या फांद्यांना फुटलेले ‘पुरकिन्ये’ तंतू यांच्यावाटे तो स्पंद जवनिकांच्या स्नायूंपर्यंत वेगाने पोहोचतो आणि रक्त फुप्फुसांकडे व शरीराकडे ढकलले जाते.

या वाटेचा शोध लागला तो मात्र उलट्या दिशेने, शेवटाकडून उगमाकडे. यान पुरकिन्ये यांनी टोकाचे तंतू १८३९ मध्ये पाहिले, विल्हेल्म हिस यांनी जुडगा १८९३ मध्ये वर्णिला, जर्मनीत मारबुर्ग येथे काम करणारे जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये एव्ही नोड दाखवून दिला आणि सायनस नोड १९०७ मध्ये ब्रिटनमधील आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांना सापडला. त्याच सुमारास हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंथोव्हेन यांनी हृदयातील विजेचा आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले. ते यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि रुग्णाला दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. या कामासाठी १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या आइंथोव्हेन यांनी आलेखातील लहरींना दिलेली पी, क्यू, आर, एस आणि टी ही नावे आजच्या ईसीजीच्या पट्टीवरही कायम आहेत. त्यांपैकी पी ही बुटकी लहर कर्णिकांच्या आकुंचनाआधीची विद्युत खूण असते, तर क्यूआरएस हा टोकदार उंचवटा जवनिकांची. त्यामुळे या दोहोंतील अंतर आणि क्रम पाहून बिघाड वाटेत कुठे झाला आहे, याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो.

मंद ताल आणि पेसमेकर

ताल दोन प्रकारे बिघडतो: तो फार मंदावतो किंवा फार वेग घेतो. सायनस नोड थकल्यामुळे, किंवा एव्ही नोड अथवा त्याखालची वाट बंद पडल्यामुळे (ज्याला ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात) ठोके मंदावतात, मेंदूला पुरेसे रक्त मिळत नाही आणि रुग्णाला घेरी येते किंवा तो शुद्ध हरपून कोसळतो. रक्तवाहिनीत चरबी साचून होणाऱ्या अडथळ्यालाही बोलीभाषेत ‘ब्लॉकेज’ म्हणत असल्याने या दोन विकारांची गल्लत नेहमी होते. प्रत्यक्षात एक रक्ताच्या वाटेचा आहे आणि दुसरा विजेच्या.

मंद तालावरचा खात्रीचा उपाय म्हणजे पेसमेकर. स्वीडनमधील आर्ने लार्सन या रुग्णाला दिवसातून अनेकदा शुद्ध हरपण्याचे झटके येत असत आणि त्याच्या पत्नीने धरलेल्या आग्रहामुळे शल्यचिकित्सक ओके सेनिंग व अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळील कॅरोलिन्स्का रुग्णालयात त्याच्या शरीरात पूर्णपणे बसवलेला जगातील पहिला पेसमेकर घातला. मोजके विद्युत घटक एपॉक्सी राळेत बुडवून तयार केलेल्या या उपकरणासाठी साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली गेली होती. ते काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. तरीही लार्सन पुढे २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले आणि तोवर त्यांनी एकूण २६ पेसमेकर वापरले. आजचा पेसमेकर गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेआड बसतो, त्याची तार शिरेतून हृदयात जाते आणि हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेवर पडला तर तो गप्प राहतो. काही रुग्णांत तर तारेविना, जेमतेम दोन ग्रॅम वजनाची कुपीच थेट जवनिकेत बसवली जाते.

वेगवान ताल: फेरा आणि तो तोडणे

वेगवान तालाची कारणे अधिक गुंतागुंतीची असतात. कधी सायनस नोडखेरीज दुसऱ्याच पेशी स्वतःहून स्पंद सोडू लागतात, तर कधी स्पंद पुढे जाऊन विझण्याऐवजी दुसऱ्या वाटेने मागे फिरतो आणि त्याच वर्तुळात फेऱ्या घालत राहतो. लुई वुल्फ, जॉन पार्किन्सन आणि पॉल व्हाइट यांनी १९३० मध्ये वर्णन केलेला, त्यांच्याच आद्याक्षरांनी ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ म्हणून ओळखला जाणारा विकार या दुसऱ्या प्रकाराचे स्पष्ट उदाहरण आहे. त्यात एव्ही नोडला वळसा घालून कर्णिका व जवनिका यांना जोडणारा एक जादा तंतू जन्मतःच राहून गेलेला असतो, स्पंद एका वाटेने खाली उतरतो, दुसरीने वर चढतो आणि तरुण, एरवी निरोगी माणसाच्या छातीत अचानक मिनिटाला १५० ते २०० ठोक्यांची धडधड सुरू होते.

असा फेरा मोडायला त्याच्या वाटेवर क्षणभराचा अडथळाही पुरतो. श्वास कोंडून पोटावर जोर दिल्यास चेतासंस्था एव्ही नोडला आवर घालते आणि काही वेळा धडधड तेवढ्यानेच थांबते. न थांबल्यास शिरेतून दिलेले अडेनोसिन हे औषध जेमतेम काही सेकंद एव्ही नोड बंद पाडून तेच काम करते. कायमचा इलाज करायचा असल्यास जांघेतील शिरेतून कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, आतून विद्युत नकाशा काढून, तो जादा तंतू रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी केला जातो. ‘अब्लेशन’ नावाच्या या प्रक्रियेने अशा प्रकारचे बहुतेक रुग्ण आयुष्यभरासाठी बरे होतात, आणि हृदयविकारांच्या क्षेत्रात ‘पूर्ण बरा’ हा शब्द वापरता येण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

कर्णिकांची फडफड

वयाबरोबर वाढणारा आणि तालाच्या विकारांत समाजावर सर्वाधिक भार टाकणारा प्रकार म्हणजे ‘एट्रियल फिब्रिलेशन’. यात कर्णिकांमध्ये मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत स्पंद उठतात, त्या आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात, ईसीजीवरची पी लहर नाहीशी होते आणि एव्ही नोडने त्यातील जे स्पंद खाली सोडले त्यांच्यानुसार नाडी अगदी अनियमित लागते. उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा, अतिमद्यपान, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आणि थायरॉइडची अतिक्रिया यांमुळे हा विकार जडण्याची शक्यता वाढते. भारतात त्याला आणखी एक जुने कारण आहे: लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद होते, तिच्यामागील डावी कर्णिका फुगत जाते आणि तुलनेने कमी वयातच तिचा ताल सुटतो.

या विकाराचा खरा धोका छातीतल्या धडधडीत नसून साचलेल्या रक्तात असतो. थरथरणाऱ्या डाव्या कर्णिकेला लागून एक पिशवीसारखा कोपरा असतो, तिथे रक्त तुंबून गोठते आणि सुटलेली गुठळी रक्ताबरोबर मेंदूत जाऊन अडकते; अशा रुग्णांना पक्षाघात होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पाचपट असते. म्हणूनच वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांसारख्या बाबींना गुण देऊन धोका मोजला जातो आणि तो पुरेसा असल्यास रक्त गोठू न देणारी औषधे सुरू केली जातात. यांपैकी वॉरफरिन हे उंदीर मारण्याचे औषध म्हणून १९४८ मध्ये बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांत वापरले जाऊ लागले. ते ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करीत असल्याने पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवले वा घटवले तर त्याचा परिणाम बदलतो, आणि म्हणून ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. २०१० नंतर आलेल्या नव्या गोळ्यांनी ही कटकट पुष्कळ कमी केली असली, तरी संधिवाताने झडप अरुंद झालेल्या रुग्णांना त्या सरसकट लागू पडत नाहीत: भारतासह अनेक देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, संधिवातजन्य हृदयविकारासह हा विकार असलेल्यांत वॉरफरिनच्या गटातील औषधांवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू नव्या औषधावरील रुग्णांपेक्षा कमी आढळले.

तालाचे काय करायचे, हा यानंतरचा प्रश्न. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांत या विकाराची ठिणगी टाकणारी ६९ केंद्रे शोधली, तेव्हा त्यातील ६५ केंद्रे फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत उघडणाऱ्या शिरांमध्ये निघाली. तेव्हापासून या शिरांच्या तोंडांभोवती उष्णतेने किंवा अतिशीत फुग्याने व्रणाचे कडे उमटवून त्यांचे स्पंद आतच अडवणे हा अब्लेशनचा मुख्य मार्ग ठरला, आणि अलीकडे अतिलघु विद्युत स्पंदनांनी हेच काम अधिक जलद करता येऊ लागले आहे. मात्र २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ या मोठ्या चाचणीत ताल औषधांनी पूर्ववत करण्याची धडपड आणि ताल तसाच ठेवून फक्त ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवणे यांत जगण्याच्या दृष्टीने पहिल्या पर्यायाची सरशी दिसली नाही. २०२० मधील दुसऱ्या एका चाचणीने निदानानंतर वर्षभराच्या आत ताल पूर्ववत करण्याचे उपचार सुरू केल्यास फायदा होतो असे दाखवले. दोन्ही निष्कर्ष ध्यानात घेता निर्णय रुग्णागणिक वेगळा होतो. गुठळी रोखण्याचे औषध मात्र धोका असेपर्यंत, ताल सुधारल्यासारखा वाटला तरी, चालू ठेवावे लागते.

सरळ झालेली पट्टी आणि गमावलेले रुग्ण

आलेख सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, या समजुतीची सर्वांत महागडी कसोटी अमेरिकेत लागली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत जवनिकांतून उठणारे जादा ठोके पुढील अकाली मृत्यूची सूचना देतात हे ठाऊक होते, त्यामुळे ते ठोके दाबले की मृत्यू टळतील असे गृहीत धरून डॉक्टर फ्लेकेनाइड व एन्केनाइड ही औषधे देत असत, आणि ईसीजीवरचे जादा ठोके खरोखरच नाहीसे होत. ‘कास्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीने हे गृहीतक प्रथमच तपासले, आणि १९८९ मध्ये ही औषधे देणे मुदतीआधीच थांबवावे लागले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले होते, तर औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. जखमी हृदयात ही औषधे किरकोळ ठोके दाबता दाबता त्याहून भयंकर ताल निर्माण करीत होती. फ्लेकेनाइड आजही दिले जाते, पण स्नायू व रक्तवाहिन्या धड असलेल्या हृदयातच. अमिओडॅरोनसारखे प्रभावी औषधही थायरॉइड, यकृत व फुप्फुसे यांच्यावर लक्ष ठेवूनच द्यावे लागते.

त्या रुग्णांना ज्याची भीती होती तो ताल म्हणजे जवनिकांची थरथर, अर्थात ‘व्हेन्ट्रिक्युलर फिब्रिलेशन’. त्यात रक्तप्रवाह तत्काळ थांबतो, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो आणि विजेचा झटका देऊन सगळ्या पेशींना एकदम थांबवणे, जेणेकरून सायनस नोडला पुन्हा सूत्रे हाती घेता येतील, हाच इलाज उरतो. क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान एका १४ वर्षांच्या मुलाचे उघडे हृदय असे सुरू केले, पॉल झोल यांनी १९५६ मध्ये बाहेरून, छातीवरून झटका देण्यात यश मिळवले आणि मिशेल मिरोवस्की यांनी कल्पिलेले, धोकादायक ताल ओळखून आपोआप झटका देणारे उपकरण १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्रथम रुग्णाच्या शरीरात बसवले गेले. उपकरण नसलेल्याला मात्र भोवतालच्या माणसांचाच आधार असतो, कारण उपचाराविना जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करते. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वासही घेत नाही असे दिसताच १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यावर सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे.

एरवी वाचकाच्या हाती असलेली तपासणी बिनखर्चाची आहे. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजावी, आणि विशेषतः साठीपुढच्यांनी ती अनियमित लागत असल्यास त्रास असो वा नसो, ईसीजी काढून घ्यावा. धडधड अधूनमधून होत असल्यास ती चालू असतानाचाच आलेख उपयोगी पडतो, मग तो जवळच्या दवाखान्यात काढलेला असो, २४ तास अंगावर राहणाऱ्या होल्टर यंत्राचा असो की मनगटी घड्याळाचा. घड्याळाच्या सूचनेवर मात्र डॉक्टरांनी खात्री केल्याखेरीज औषध सुरू करू नये. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखले, धाप लागली किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर तपासणी उद्यावर ढकलू नये. आणि रक्त गोठू न देणारी गोळी, बरे वाटते म्हणून किंवा दात काढायचा म्हणून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये.