मोठ्या संगणकाच्या दारात

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझा संबंध पासबुकात छापून येणाऱ्या आकड्यांपुरता. तरी आजचा विषय मला माझ्या भाच्याने शिकवला, तोही ऐन ईदच्या दिवशी.

शिरखुर्म्याच्या वाट्या नुकत्याच भरल्या होत्या आणि त्याचा मोबाइल वाजला. तो पुण्यात एका कंपनीत परदेशी बँकेसाठी जावा भाषेत प्रोग्राम लिहितो. पलीकडून साहेब सांगत होते, ‘‘जोडणी बंद पडलीय. प्रमाणपत्राची तपासणी तात्पुरती काढून टाक.’’ हा म्हणाला, ‘‘सर, ते मी करणार नाही.’’

‘‘अरे, साहेबांना असं तोंडावर नाही म्हणायचं?’’

‘‘मामू, बसा. सांगतो.’’

पुष्कळ मोठ्या बँकांचे मुख्य हिशेब आजही मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य संगणकांवर चालतात. त्यांवर आयबीएमची सीआयसीएस ही व्यवस्था १९६९ पासून आहे. तिचा बाणा एकच : व्यवहार झाला तर पुरा, नाही तर मुळीच नाही. एका खात्यातून पैसे निघाले आणि दुसऱ्यात पडण्याआधी काही बिघडले, तर पहिली नोंदही मागे घेतली जाते. आतले प्रोग्राम बहुधा कोबोल भाषेतले. जावा जगापुढे आली १९९५ मध्ये, म्हणजे नातवंडच म्हणायचे.

नातवंडाला आजोबांच्या खोलीत थेट शिरता येत नाही. मध्ये ट्रान्झॅक्शन गेटवे ही देवडी असते. जावा प्रोग्राम तिथे सांगतो : आतला अमुक प्रोग्राम चालवा, मी अमुक, हा माझा पासवर्ड आणि ही माहितीची पुरचुंडी. जुन्या पद्धतीची पुरचुंडी जेमतेम ३२ किलोबाइटची. पण साध्या जोडणीने गेलो, तर पासवर्ड वाटेत कोणालाही वाचता येईल. पोस्टकार्डच ते! म्हणून पाकीट लागते. त्याचे जुने नाव एसएसएल. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये मोडीत निघाली. पुढच्या टीएलएसच्या पहिल्या दोन आवृत्त्याही २०२१ मध्ये बाद ठरल्या. आता १.२ किंवा १.३ वापरायची.

‘‘मग पाकीट आहे ना? अडलं कुठे?’’

‘‘मामू, पाकीट चिकटवून चोराच्याच हातात दिलं तर?’’

इथे मी गप्प झालो. देवडीवर उभा असलेला खरा पहारेकरी आहे की सोंगाड्या, हे प्रमाणपत्रावरून कळते. त्यावर नाव, मुदत आणि मान्यवर संस्थेचा शिक्का असतो. कोणाचे शिक्के मानायचे याची यादी जावा आपल्या एका फाइलीत ठेवते. त्या फाइलीचा मूळ पासवर्ड ‘चेंजइट’, म्हणजे ‘मला बदल’! इतकी स्पष्ट विनवणी कवितेतही कोणी करत नाही. तरी भाचा म्हणतो, किती तरी ठिकाणी तो तसाच असतो. कडक बंदोबस्त हवा तिथे देवडीही जावा प्रोग्रामकडे त्याचे प्रमाणपत्र मागते.

त्या दिवशी देवडीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. ‘‘कालपर्यंत चालत होतं, ते आज खोटं कसं?’’ मी विचारले.

‘‘खोटं नाही. पण घाईत लिहिलेला कोड नुसती तारीख सोडत नाही. नाव, शिक्का, सगळ्यालाच ‘हो’ म्हणतो. आणि तात्पुरता म्हणून घातलेला कोड काढायला पुन्हा कोण येतं?’’

ही नुसती भीती नव्हे. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड आणि टेक्सस विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिले, की पैशांच्या देवघेवीच्या नामांकित सॉफ्टवेअरमध्येही ही तपासणी चुकीची होती किंवा नव्हतीच.

पाकीट देवडीवर उघडते, हेही ध्यानात ठेवायला हवे. तिथून आतल्या संगणकापर्यंतची वाट वेगळी असेल, तर तिलाही वेगळे पाकीट लागते. शिवाय आत गेल्यावर हा माणूस कोण, त्याला हे काम करायची मुभा आहे का, हे आतला सुरक्षा-कारभारी पुन्हा पाहतो. सगळ्यांना एकच सामायिक नाव देऊन ठेवले, तर त्याला काय कळणार? नोंदवहीत हजार व्यवहार आणि सही एकाचीच.

रात्री नऊच्या सुमारास पलीकडच्यांनी नवे प्रमाणपत्र बसवले. शिक्का त्याच संस्थेचा होता, त्यामुळे इकडे एक ओळही बदलावी लागली नाही. भाच्याचा शिरखुर्मा तोवर गार झाला होता. माझ्या बहिणीने तो पुन्हा गरम करून दिला.