आकाशातील ठिणगी

अमरावती-अकोल्याकडच्या काळ्या रानात विहिरीवरचा पंप चालू असताना वीज गेली, की पाण्याची धार थांबते. शेतकरी कळ बंद करतो आणि निंबाच्या सावलीत विजेची वाट पाहत बसतो. ओलिताचा खोळंबा होतो, इतकेच. परंतु आकाशात विमानाचे इंजिन बंद पडले, तर विसाव्याला तेथे निंबाची सावली नसते! म्हणून जे आपल्या हातांनी विमान बांधतात, त्यांना विजेचा विचार फार बारकाईने करावा लागतो.

घरी विमान बांधणे ही नुसती कल्पना नव्हे. अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतील प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ साली त्याची सरकारी नोंद झाली आणि २०२० साली धुळ्याला त्याने उड्डाण केले.

परदेशांतील काही हौशी लोक अशा घरगुती विमानास मोटारगाडीचे 'वांकेल' इंजिन जोडतात. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतील असे पहिले इंजिन १९५७ साली चालले. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या खालीवर होतो. वांकेल इंजिनात फुगीर बाजूंचा त्रिकोणी लोखंडी ठोकळा कोशात गरगर फिरतो. हवा व इंधन आत ओढणे, ते दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे त्याच्या फिरण्यातच होतात. ठोकळ्याच्या एका फेऱ्यात इंजिनाचा दंड तीन फेरे घेतो. एवढा वेग विमानाच्या पंख्यास मानवत नाही. म्हणून मध्ये दंतचक्रे बसवून तो कमी करतात. हे इंजिन आटोपशीर व हलके असते आणि त्यात हलणारे भागही थोडेच असतात.

मात्र त्यात एक उणीव राहते. विमानाच्या नेहमीच्या दट्ट्याच्या इंजिनात ठिणगीपुरती वीज निर्माण करणारे मॅग्नेटो नावाचे उपकरण असते, आणि तेही दुहेरी. बॅटरी संपली तरी इंजिन चालू राहते. मोटारगाडीच्या इंजिनाची ठिणगी व इंधनाचा पंप मात्र बॅटरीच्या विजेवर अवलंबून असतात. एखादी तार सैल झाली, तरी धडधडणारे इंजिन क्षणात मुके होईल!

यावर उपाय म्हणजे जोडी. विमान बांधणारा दुसरी बॅटरी बसवतो, तिच्या तारा निराळ्या वाटेने नेतो, इंधनाचे पंप दोन ठेवतो. विजेचा दाब उतरू लागताच इशारा देणारा दिवाही वैमानिकासमोर लावतो.

तरीही त्यावर नुसता विश्वास ठेवून भागत नाही. धुळ्याची धावपट्टी असो वा अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची, उड्डाणापूर्वी वैमानिक एका बाजूची ठिणगी मुद्दाम बंद करतो व इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो. मग दुसऱ्या बाजूची. दोन्ही कसोटीस उतरल्या, तरच चाके पुढे सरकतात.