जोडलेले हात कामाला लागतात तेव्हा...

प्रार्थनेने धीर मिळतो, पण तेवढ्याने समोरच्याचे दुःख हलके होते का? वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर यांनी या प्रश्नाचे उत्तर आयुष्य वेचून दिले.

घरात आजारपण आले, संकट आले की आपण आधी हात जोडतो. देऊळ असो, मशीद असो वा चर्च, प्रार्थनेने मनाला उभारी येते हे कुणीही मान्य करील. पण हात जोडून झाल्यावर पुढे काय? ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न फार जुना आहे. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांचा चांगलाच समाचार घेतला आहे. कृतीची जोड नसेल तर श्रद्धेत प्राण नाही, असा त्याचा आशय आहे.

हे सांगणे सोपे, आचरणे कठीण. कारण प्रार्थना आणि कृती यांच्यामध्ये पुष्कळदा वर्षानुवर्षांचे कष्ट उभे असतात.

एका रात्रीत तीन हाका

आयडा यांचा जन्म १८७० मध्ये तमिळनाडूतील राणीपेट येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही मिशनरी डॉक्टर. लहानपणी पाहिलेला दुष्काळ आणि रोगराई यांमुळे आयडांना मात्र या जीवनाची मुळीच ओढ नव्हती. अमेरिकेत शिकून तिथेच सुखाने राहावे, असा त्यांचा बेत होता. आई आजारी पडली म्हणून १८९० मध्ये त्या तिंडीवनमला आल्या, त्याही थोड्या दिवसांसाठीच.

तिथे एका रात्री तीन पुरुष एकामागून एक त्यांच्या दारी आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान, तिसराही एका उच्चवर्णीय हिंदू घरातला. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडा म्हणाल्या, मला यातले काही कळत नाही, माझे वडील डॉक्टर आहेत, त्यांना घेऊन जा. पण परपुरुषाने बायकोला हात लावावा, हे तिघांपैकी एकालाही चालणार नव्हते. तिघेही आल्या पावली परत गेले.

ती रात्र आयडांनी प्रार्थनेत काढली. सकाळी कळले, तिन्ही बायका गेल्या. त्याच दिवशी त्यांनी आईवडिलांना सांगितले, ‘मी डॉक्टर होऊन परत येईन.’

तळमळीला विद्येची जोड

त्या रात्री आयडांकडे दया होती, श्रद्धा होती. नव्हते ते ज्ञान. म्हणून त्या आधी शिकायला गेल्या. १८९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन त्या पुढच्याच वर्षी वेल्लोरला परतल्या. रुग्णालयासाठी न्यूयॉर्कच्या एका बँकरने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले होते. ज्यांच्या हाताखाली अनुभव घ्यायचा ते वडील मात्र १९०० मध्येच वारले. एका खाटेच्या दवाखान्यापासून आयडांनी सुरुवात केली. १९०२ मध्ये चाळीस खाटांचे रुग्णालय उभे राहिले. जे रोगी शहरापर्यंत येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी त्या आधी बैलगाडीने, मग मोटारीने निघत आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली दवाखाना मांडत.

पण एक डॉक्टर अशी किती दारे गाठणार? म्हणून १९०९ मध्ये परिचारिकांचे प्रशिक्षण आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. मुली येतील का, अशी अधिकाऱ्यांनाच शंका होती. पहिल्याच वर्षी १५१ अर्ज आले!

खरी परीक्षा पुढेच होती. १९३८ च्या सुमारास सरकारने वैद्यकीय शाळांना पदवी महाविद्यालयाचा दर्जा सक्तीचा केला. त्यासाठी लागणारा पैसा नव्हता. आयडा सत्तरीच्या असूनही निधी गोळा करण्यासाठी अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांच्या जुन्या साहाय्यक स्त्रियांमध्येच मतभेद झाले. केवळ स्त्रियांसाठी काढलेली संस्था मुलांना कशी खुली करायची? शेवटी अनेक चर्चसंस्था एकत्र आल्या, १९४२ मध्ये एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९४७ मध्ये मुलांनाही प्रवेश मिळाला. १९६० मध्ये आयडांचे निधन झाले. आज वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये बंगालपासून ईशान्येपर्यंतचे सर्व धर्मांचे रोगी येतात.

केडगावची मुक्ती

महाराष्ट्रालाही अशी माणसे परकी नाहीत. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या रमाबाई केवळ प्रार्थना करून थांबल्या नाहीत. त्या तिथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी ‘मुक्ती’ उभारले. मुलींच्या पोटापाण्याची सोय तर झालीच, शिवाय त्या विणकाम, छपाई, तेलघाणी अशी कामेही शिकल्या. मिशनरी कार्याबद्दल, धर्मांतराबद्दल तेव्हाही वाद झाले, आजही होतात. पण दारात आलेल्या उपाशी मुलीला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणे शक्य नव्हते.

आपल्या घरापुरते

आपण सगळे काही रुग्णालये उभारू शकणार नाही. पण शेजारच्या घरात दीर्घ आजारी माणूस असेल, तर ‘देवाजवळ तुमच्यासाठी मागणे मागते’ एवढ्यावर न थांबता विचारता येईल : रात्रीच्या जागरणाला कोण आहे? मुलांच्या डब्याचे काय? रक्ताची गरज आहे का? आणि मदतीसाठी काही शिकावे लागणार असेल, प्रथमोपचार असो वा रुग्णाला अंथरुणात कूस बदलून देणे असो, तर तेही शिकावे. डॉ. आयडांनी प्रार्थना कधी सोडली नाही. फक्त देवाकडे मागितलेल्या गोष्टीसाठी आपल्याला काय करावे लागेल, याचाही त्या हिशोब करत राहिल्या.