मावळ्याच्या ढालीला पितळेची चमक : मेणाचा सोनेरी रंग

तायांनो, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, लहानशा तोफा, शोकेसमधली बैलगाडी असं काही करणाऱ्या गटांना एक अडचण नेहमी येते. ढाल, तलवार, बैलाच्या गळ्यातली घुंगरं सोनेरी ऑइलपेंटने रंगवली की ती धातूची वाटतच नाहीत. पिवळ्या रंगात बुडवून काढल्यासारखी दिसतात. वस्तू जितकी लहान तितकं हे जास्त खटकतं, कारण जाड रंगाखाली कोरीव काम बुजतं. आणि गिऱ्हाईक भाव पाडायला तेवढंच बघतं.

यावर मेणाचा सोनेरी रंग चांगला. हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात ‘गिल्डिंग वॅक्स’ किंवा ‘मेटॅलिक वॅक्स’ म्हणून डबीत नाहीतर ट्यूबमध्ये मिळतो. त्यात मेण, धातूची किंवा अभ्रकाची बारीक पूड आणि टर्पेंटाइनसारखं उडून जाणारं द्रव असतं. सोनं अर्थातच नसतं. फडक्याने घासलं की पुडीचे चपटे कण आडवे बसतात, त्यानेच चकाकी येते.

सोनेरी दिसायचं तर आधी काळं करायचं, हे यातलं मुख्य. कोरी माती किंवा प्लास्टर मेण पिऊन टाकतं, म्हणून वस्तूला आधी प्रायमर द्या. मग धातूच्या भागाला काळा किंवा गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग देऊन रात्रभर वाळू द्या. चेहरा, अंगरखा, पागोटं हे बाकीचे रंगही आधीच उरका. मेणावर नंतर पाण्याचा रंग धरत नाही.

आता बोटावर तांदळाच्या दाण्याएवढं मेण घ्या आणि त्यातलंही बरंचसं रद्दी कागदावर पुसून टाका. जवळजवळ कोरडं बोट उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. कडा चमकतात, खाचा काळ्याच राहतात, आणि नजरेला ते खरं पितळ वाटतं. काळ्यावर चंदेरी फिरवलं तर तोफ लोखंडी दिसते. यावलच्या किल्ल्याची प्रतिकृती करणार असाल तर दरवाजाच्या खिळ्यांना हेच वापरा. बारीक जागी जुना ब्रश टर्पेंटाइनमध्ये किंचित ओला करून घ्या. पाणी चालत नाही. थोडं वाळलं की जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने घासा. वरून वार्निशचा ब्रश फिरवायचा मोह होतो, पण त्याने मेण ओढलं जातं आणि चमक मरते.

हा रंग कुठे लावायचा नाही, तेही ध्यानात ठेवा. पणतीला नाही, तिथे तेल आणि ज्योत दोन्ही असतात. खाण्याच्या भांड्याला नाही. लहान मूल तोंडात घालेल अशा खेळण्याला नाही. आणि गणपती, गुलाबाई अशा पाण्यात जाणाऱ्या मूर्तींना तर मुळीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित सूचनांत अशा मूर्तींसाठी नैसर्गिक माती आणि बिनविषारी रंगच सांगितले आहेत.

काम चुलीपासून लांब, दारं-खिडक्या उघडी ठेवून करा. टर्पेंटाइन पटकन पेट घेतं. त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा. काहीजणी मधमाशीचं मेण आणून घरीच हा रंग करू म्हणतात. जमतं, पण मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं आणि टर्पेंटाइन घालायच्या आधी चूल पूर्ण विझवायची. पूड मिसळताना नाकाला रुमाल बांधा. शिवाय मधमाशीचं मेण साधारण 62 अंशाला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवलेला माल एकमेकांना चिकटेल. विकतच्या काही मेणांत कार्नौबा हे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांचं मेण असतं. ते 80 अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून उन्हाळी प्रदर्शनाच्या मालाला ते बरं.

पूर्ण ऑर्डर एकदम रंगवू नका. एकच नग करा, दोन दिवस ठेवा आणि पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. फडक्याला सोनेरी लागलं तर मेण जास्त झालंय, पुन्हा घासा. खोक्यात एक चिठ्ठी घाला : कोरड्या फडक्याने पुसा, धुऊ नका, उन्हात ठेवू नका.