फुकटही परवडेना!

दांडीच्या किनाऱ्यास दोन होड्या एकदम लागल्या, कीं मासळीचा भाव उतरतो. आम्ही पडलों शाकाहारी. तरी चढाओढीचा हा धडा आम्हीं तेथेंच घेतला.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून प्रत्येक कचेरींत संगणक आहे. त्याचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. इंटेल (१९६८) व एएमडी (१९६९) हे या धंद्यांतील जुने प्रतिस्पर्धी. मग भाव उतरावयास नको काय?

युरोपीय आयोगानें २००९ सालीं ठरविलें तें असें : कचेरीच्या संगणकांसाठीं शेंकडा ९५ प्रोसेसर आपलेच घ्यावे, या अटीवर इंटेल एचपी कंपनीस सवलत देई. एएमडीनें एका कंपनीस दहा लक्ष प्रोसेसर फुकट देऊं केले. तिनें घेतले अवघे १,६०,०००! सारे घेतल्यास इंटेलची सवलत बुडती.

आयोगानें १०६ कोटी युरो दंड ठोठावला. सवलतींनीं स्पर्धा खुंटली हें नीट सिद्ध झालें नाहीं, म्हणून न्यायालयानें तो २०२२ सालीं रद्द केला. २०२४ सालीं तेंच कायम झालें.

न्यायालयाचा निकाल शिरसावंद्य. तथापि वाचकहो, सवलत घेण्यापूर्वीं अट विचारावी. दुसरी होडी किनाऱ्यास लागेनाशी झाली, तर पहिलीचा भाव कोण उतरविणार?