पसारा कुणाचा, आवरायचा कुणी?

मंडळी, मागच्या वेळी आपण अपरिग्रहाचा विचार केला. पतंजलींनी तो पाच यमांत घेतला, जैनांनी पाच व्रतांत. आज तो जरा घरात आणून बघू.

समजा, आपली ऐंशीची आत्या एकटी राहते. माळ्यावर ट्रंका, पलंगाखाली पितळेची भांडी, गॅलरीत रद्दी, ओट्याखाली श्रीखंडाचे रिकामे डबे. आपण दोन दिवसांची रजा काढून जातो आणि म्हणतो, ‘आत्या, तू नुसती बस, आम्ही सगळं आवरतो.’ अडचण इथूनच सुरू होते.

व्रत ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. आपली एकादशी आपण दुसऱ्याला घडवत नाही ना? मग दुसऱ्याच्या वस्तू टाकून अपरिग्रह कसा साधेल? उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. मूर्च्छा म्हणजे ममत्व, आसक्ती. ट्रंक गेली म्हणून आसक्ती जात नाही. न विचारता नेली, तर उरलेल्या वस्तू आत्या अधिकच घट्ट धरते.

पण इतकं धरून ठेवायचं कशाला? विल्यम जेम्स यांनी १८९०च्या ग्रंथात दाखवलं, की माणसाचा ‘मी’ शरीरापाशी संपत नाही. कपडे, घर, माणसं हेही त्यात येतं. पुढे १९९०मध्ये कानेमान, नेच आणि थेलर यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले. ज्यांच्या हातात मग आला, त्यांनी मागितलेली किंमत घेणारे देऊ करत होते त्याच्या दुपटीच्या आसपास होती. नुकत्याच मिळालेल्या मगाची ही गत. मग चाळीस वर्षं वापरलेल्या घंगाळाचं काय!

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ज्यात आठवण नाही ते काढावं: मुदत संपलेली औषधं, रद्दी, झाकण हरवलेले डबे. फोटो आणि पत्रं अगदी शेवटी. एका बैठकीत एकच कपाट, तेही तासाभरात. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, याशिवाय ‘अजून ठरलं नाही’ असाही एक ढीग असू द्यावा. आणि ‘हे कशाला ठेवलंयस?’ असं न विचारता ‘हे कुणाला द्यावं असं तुला वाटतं?’ असं विचारावं. आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडं देत असे. जुन्या लुगड्यांची गोधडी होई. वस्तू पुढे कामाला येणार म्हटलं, की हात सैल सुटतो.

दोन गोष्टींत मात्र भिडस्तपणा नको. रात्री न्हाणीघराकडे जाणारी वाट मोकळी हवीच. पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच बदलतं. आणि पसाऱ्यामुळे झोपायला, स्वयंपाकाला जागा उरली नसेल, काहीही टाकताना जीव कासावीस होत असेल, तर तो आळस समजू नये. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ पासून अशा साठवणीला स्वतंत्र विकार मानलं आहे. तिथे जबरदस्ती कामाची नाही, डॉक्टर हवा.

मराठीत आपण घर आवरतो, तसा रागही आवरतो. आत्याचं घर आवरायला निघालो, की आधी स्वतःची घाई आवरावी. चार पिशव्या कमी निघाल्या तरी चालेल. त्या घरात काय राहणार, हे ठरवायचा हक्क तिच्याकडे राहिला पाहिजे.