गुलमोहर इथला आणि माकड उपरं?

मे महिन्यात कोल्हापुरात गुलमोहर फुलला की त्याचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरतात. जोतिबाच्या देवळापाशी हातातला नारळ पळवणाऱ्या माकडाच्या वाट्याला मात्र शिव्या. झाड आपलं आणि माकड कुठून तरी आलेलं, असा समज पक्का आहे.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भारतात तो एकोणिसाव्या शतकात आला, शोभेसाठी. नारळ पळवणारं हे टोपी माकड मात्र दक्षिण भारताचंच. जगात दुसरीकडे कुठल्याच रानात ते मूळचं सापडत नाही. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा आसपासच्या झाडीत माकडं असतील, गुलमोहर खात्रीनं नव्हता.

माकड आणि वानर एकच, हाही गैरसमज. काळतोंडं, लांब हातापायांचं ते वानर. त्याचं पोट पाला पचवायला बनलेलं. टोपी माकड आकारानं लहान, डोक्यावर मधोमध भांग पाडून चापून बसवल्यासारखे केस. त्याच्या गालांत थैल्या असतात, वानराला त्या नसतात. फुटाणे दिसले की ते आधी भराभर गालात कोंबतं, मग कठड्यावर निवांत बसून हाताच्या पाठीनं गाल दाबत एकेक दाणा पुढे आणतं. फळांवरच जगतं म्हणावं, तर किडेही आवडीनं खातं.

‘माकडं लई वाढलीत’ हे तर रोजचं वाक्य. देवळापाशी ती एकवटतात म्हणून तसं वाटतं. दक्षिण कर्नाटकात रस्त्याकडेचे वड तुटले तशा तिथल्या टोळ्याही घटल्याचं अभ्यासकांना आढळलं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हे माकड आता ‘असुरक्षित’ गटात आहे. गंमत अशी, की १९९८ साली त्याच गटात गुलमोहर होता. पुढे तो ‘चिंता नको’ गटात गेला.

गुलमोहराशी वैर धरायचं कारण नाही. उन्हाळ्यात तो सावली देतो, साताऱ्यात तर १ मे रोजी त्याचा दिवसही साजरा होतो. पण लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. लाल फुलंच हवी असतील तर पांगारा आणि काटेसावर इथलीच आहेत. त्यांच्या फुलांतल्या मधावर मैना, बुलबुल तुटून पडतात.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात रोप आणायला जाल, तेव्हा पांगारा मागा, जागा असेल तर वड लावा. आणि जोतिबावर माकडांपुढे फुटाणे टाकू नका. हातातल्या पिशवीवर झडप घालायची सवय त्यांना तिथूनच लागते.